आण्णांच्या नावाची पाकिटं : सांगलीच्या गावभागातल्या एका घराचं प्रकरण

ऑक्टोबर २०२३ संपत आला होता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून एक प्रकरण माझ्याकडे आलं. पन्नाशी ओलांडलेली आई आणि तिची धाकटी मुलगी. आईंच्या हातात दुकानातली प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत सतरा पाकिटं. त्यातली अकरा फोडलेलीच नव्हती. सगळ्यांवर एकच नाव, त्यांच्या नवऱ्याचं. ते जाऊन वीस महिने झाले होते.

"त्यांच्या नावाचं पाकीट मी कसं फोडायचं, ताई?" आई म्हणाल्या. त्या सातवी शिकलेल्या, वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या. वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. पाकीट आलं की ते फोटोमागच्या कोनाड्यात जायचं, लाईटबिलाच्या जुन्या पावत्यांसोबत.

अठरावा कागद पाकिटातून आला नव्हता. तो घराच्या दारावर चिकटवला होता आणि धाकटीनं त्याचा मोबाईलवर फोटो काढला होता. एका पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्यानं घर जप्त केल्याची नोटीस होती ती.

या कुटुंबाच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही इतपत तपशील बाजूला ठेवून, हे प्रकरण लिहिते आहे. घरातली माणसं एकमेकांना ज्या नात्यानं हाक मारतात तेच इथं वापरलं आहे. गेलेले वडील म्हणजे आण्णा. मग आई, थोरली अक्का, मधला दादा आणि धाकटी.

घर आणि कर्ज

घर गावभागातलं, नदीपासून फार लांब नाही. आण्णांच्या वडिलांचं. ऐंशीच्या दशकात भावाभावांत नोंदणीकृत वाटणी झाली, त्यात ते आण्णांच्या वाट्याला आलं आणि मालमत्ता पत्रकावर, म्हणजे सिटी सर्व्हेकडच्या मालकीच्या उताऱ्यावर, त्यांचं एकट्याचं नाव लागलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. इथली धोका पातळी ४५ फूट. गावभागातल्या अनेक घरांसारखं हेही घर कित्येक दिवस पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावर मागची मातीची भिंत बसली, फरशी उखडली, वायरिंग गेलं. सरकारी मदत एवढ्याला पुरणारी नव्हती.

आण्णा कुपवाडच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत फोरमन होते. त्यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये पतसंस्थेकडून घर गहाण ठेवून ७ लाख रुपये काढले. व्याज १४ टक्के, मुदत ७ वर्षं, महिन्याचा हप्ता १३,१०० च्या आसपास. दोन जामीनदार घेतले, दोघेही कारखान्यातले सोबती. घरात आईंना एवढंच माहीत होतं की "संस्थेतनं थोडं काढलंय." मुलांना तेवढंही नव्हतं.

मधे कोविडचं वर्ष गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, काही हप्ते चुकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये नोकरीत असतानाच आण्णा हृदयविकारानं गेले. वय ५६. त्या दिवशी कर्जाची बाकी होती ५ लाख ८० हजारांच्या घरात.

बाराव्या दिवशीचा कागद

इथून पुढचं सगळं मी खूपदा पाहिलं आहे, आणि दर वेळी तितकाच त्रास होतो.

बाराव्या दिवशी, पाहुणे उठायच्या आत, दादानं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं हक्कसोडपत्र बहिणींपुढे ठेवलं. त्याला फसवायचं होतं असं मी म्हणणार नाही. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की बहिणींच्या सह्या आत्ताच घे, पुढं जावई ऐकणार नाहीत. अक्कानं डोळे पुसत सही केली. धाकटी म्हणाली, "दादा, आज नको." दादाला वाटलं ही हिस्सा मागतेय. शब्दाला शब्द लागला, आणि पुढचं दीड वर्ष बहीणभावांत बोलणं बंद.

तो कागद कायद्यानं कवडीच्या मोलाचा होता. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं. घरी सही घेऊन नोटरीचा शिक्का मारला म्हणून अक्काचा हक्क गेला नाही. दादा मात्र सही झाली म्हणजे निम्मं काम झालं असं समजून बसला, आणि धाकटीची सही येईपर्यंत वारस नोंदीचा अर्जच द्यायचा नाही असं त्यानं ठरवलं.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. वारस नोंदीला कोणाचीही हक्कसोड लागत नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर सिटी सर्व्हे ऑफिसात अर्ज होतो आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. शेतजमीन असेल तर तेच काम तलाठ्याकडे. कोणी कोणाला किती द्यायचं, कोणी सोडायचं, हा नंतरचा विषय. हे दोन विषय एकत्र बांधले की घर मेलेल्या माणसाच्या नावावर राहतं. तसं राहिलं की संस्थेची पत्रं त्याच नावानं येत राहतात, कोणी ती फोडत नाही, आणि त्या घरावर कोणी नवं कर्जही देत नाही.

हिस्स्यांचं गणित तर इतकं सरळ होतं की भांडणाला जागाच नव्हती. घर वडिलोपार्जित धरलं, तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर मुली जन्मानंच सहहिस्सेदार. आण्णा, आई आणि तीन मुलं असे पाच भाग होतात, आणि आण्णांचा पाचवा भाग पुन्हा चौघांत वाटला जातो. एक पंचमांश अधिक एक विसांश, म्हणजे एक चतुर्थांश. आणि घर आण्णांचं स्वतःचं धरलं तरी हिंदू वारसा कायद्यानं आई आणि तीन मुलं, प्रत्येकाला चौथा हिस्सा. कोणत्याही बाजूनं मोजा, उत्तर तेच. हे मी चौघांना एका टेबलाशी बसवून कागदावर मांडून दाखवलं तेव्हा दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

जामीनदार दारात येतो

कर्जाची खरी बातमी घरात आणली ती जामीनदारानं. जुलै २०२३ मध्ये आण्णांचा कारखान्यातला सोबती संध्याकाळी आला, चहा घेतला नाही, आणि म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पगारातनं तीन महिने झालं चार-चार हजार कापायल्यात."

आईंना जमीन दुभंगावी असं झालं. आण्णा गेल्यावर रात्रभर घरात बसून राहिलेला हा माणूस.

आईंनी दादाला सांगितलं. दादा संस्थेत गेला, आकडा ऐकून आला आणि गप्प बसला. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, स्वतःचेच हप्ते चालू. त्याच सुमारास एक जमिनींची दलाली करणारा त्याला भेटला. "तुझा चौथाई हिस्सा मला लिहून दे, रोख घे, संस्थेचं मी बघतो." हे दादानं आम्हाला नंतर सांगितलं. सही करायला तो अगदी काठावर आला होता.

त्या सहीनं काय झालं असतं? अविभक्त हिस्सा विकता येतो, ते बेकायदा नाही. पण राहत्या घराचा हिस्सा घेणारा परका माणूस घरच्यांसोबत तिथं राहायला येऊ शकत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला अडवतं. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि तो लावला की १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली घरचे न्यायालयानं ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात. संरक्षण चांगलं आहे. पण ते ज्याच्या हातात पैसे आहेत त्याच्याच उपयोगाचं, आणि या घरात त्या वेळी पैसे दिसत नव्हते.

दाखला, पण कोणाविरुद्ध?

पहिल्या आठवड्यात आम्ही फक्त कागद गोळा केले. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक, दुय्यम निबंधकांकडून गहाणखताची नक्कल, संस्थेकडून कर्जाचा खातेउतारा, आणि उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयातून वसुली प्रकरणाच्या सगळ्या फाईलची नक्कल. नकलांना वेळ लागतो, खेपा घालाव्या लागतात. त्याआधी कोणाशीही तडजोडीचं बोलू नका असं मी आईंना बजावलं होतं.

पतसंस्थेची वसुली बँकेसारखी चालत नाही, हे इथं सांगायला हवं. बँक असती तर २००२ चा सरफेसी कायदा लागला असता. नागरी सहकारी बँकांनाही तो लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यात आधी ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे दाद. पतसंस्था मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडे अर्ज करते आणि वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा आदेश, मिळवते. मग कलम १५६ आणि नियम १०७ खाली जप्ती आणि लिलाव. वसुली अधिकारी बहुतेक वेळा संस्थेचाच कर्मचारी असतो, अधिकार शासनाकडून दिलेले. सगळं सांगलीतल्या सांगलीत, झपाट्यानं होतं.

फाईल उलटताना उत्तर सापडलं. १०१ चा अर्ज डिसेंबर २०२२ चा. पहिला जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज तो, आण्णा स्वतः! दहा महिन्यांपूर्वी गेलेला माणूस. दुसरे-तिसरे जाबदार जामीनदार. एका जामीनदारानं लेखी सांगितलंही होतं की कर्जदार मयत आहे, तो कागद फाईलमध्ये लावलेला होता. तरी मार्च २०२३ मध्ये दाखला निघाला, आण्णांच्या नावानं. आई, अक्का, दादा, धाकटी यांपैकी कोणालाही पक्षकार केलेलं नव्हतं.

मृत व्यक्तीविरुद्ध निघालेला आदेश तिच्या वारसांपुरता टिकत नाही. मी हे सांगितल्यावर धाकटीचा चेहरा उजळला. "म्हणजे घर सुटलं?"

नाही. आणि इथंच पुष्कळ कुटुंबं घर घालवतात. चूक कार्यवाहीत होती, कर्ज खरं होतं. गहाणखत नोंदणीकृत होतं. संस्था वारसांना पक्षकार करून नवा दाखला घेऊ शकली असती, आणि तोवर व्याज चालूच. कोणीतरी घरच्यांना आणखी एक वाट सुचवली होती: मुलींनी दावा लावायचा, की घर वडिलोपार्जित, आमच्या हिश्शावर वडिलांना कर्ज काढता येत नव्हतं. मी ती वाट धरली नाही. पडलेली भिंत बांधायला कर्त्यानं काढलेलं कर्ज ही कुटुंबाची गरजच आहे. असा दावा पाच-सात वर्षं चालला असता आणि शेवटी फेडायचा आकडा दुप्पट झाला असता.

म्हणून त्या चुकीचा उपयोग फक्त एकच: वेळ मिळवणं.

तोही सोपा नव्हता. वसुली दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली कोल्हापूरच्या विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश फेरतपासायचा अर्ज, करता येतो, पण वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. आकडा तेव्हा ७ लाख ४० हजारांवर गेला होता. निम्मे म्हणजे ३ लाख ७० हजार. दरम्यान लिलावाची तारीखही आली, १८ डिसेंबर.

आम्ही पुनरीक्षण अर्ज तयार करून ठेवला आणि त्याची प्रत, मृत्यूचा दाखला आणि फाईलमधल्या त्या जामीनदाराच्या पत्राची नक्कल जोडून संस्थेला आणि वसुली अधिकाऱ्याला लेखी हरकत दिली. पोच घेतली. संस्थेच्या वकिलांना कागदाची ताकद लगेच कळली. त्यांनीच संचालक मंडळाला सांगितलं असावं की या दाखल्यावर लिलाव केला तर तो टिकणार नाही. बोलणं झालं: लगेच १ लाख भरा, लिलाव थांबवतो, बाकीचं तीन महिन्यांत मिटवा.

तो १ लाख धाकटीनं भरला, स्वतःचे दागिने तारण ठेवून. जिनं सही द्यायला नकार दिला म्हणून जिच्याशी दीड वर्ष कोणी नीट बोललं नव्हतं, ती. तिनं सही दिली असती, अक्काचीही नोंदवून घेतली असती, तर आईंचा चौथा हिस्सा सोडून बाकी सगळं घर दादाचं झालं असतं आणि दलालाला चौथाई नव्हे, पाऊण घर लिहून मिळालं असतं. हे मी बोलले नाही. आईंनीच एका खेपेला दादासमोर बोलून दाखवलं.

कारखान्याच्या कपाटातले पैसे

बाकीचे पैसे कुठून आणायचे? मी आईंना सहज विचारलं, आण्णांचं कारखान्याकडून काय काय मिळालं? "पीएफ मिळाला, चार लाखांच्या वर. दवाखान्याचं बिल भागवलं, थोडे बँकेत टाकले. पेन्शन चालू झाली." अजून? "अजून काय असतं?"

अजून बरंच असतं. नोकरीत असताना भविष्य निर्वाह निधीचा सभासद वारला तर ईडीएलआय नावाच्या विमा योजनेतून कुटुंबाला रक्कम मिळते. त्यासाठी पगारातून काही कापलं जात नाही, वर्गणी मालक भरतो, म्हणून कामगाराच्या घरी ते माहीतच नसतं. हिशेब असा: सरासरी मासिक वेतनाच्या ३५ पट, वेतन जास्तीत जास्त १५,००० धरून, म्हणजे ५ लाख २५ हजार. त्यात पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मे, पण १ लाख ७५ हजारांच्या पुढे नाही. आण्णांची शिल्लक चार लाखांवर असल्यानं तेही पूर्ण. एकूण ७ लाख. २०२२ मध्ये ज्या एजंटानं फॉर्म भरला त्यानं पीएफ आणि पेन्शनवर खूण केली होती, विम्याचा रकाना कोराच.

आणि ग्रॅच्युइटी. आण्णांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १९,५००, नोकरी २४ वर्षं. १९,५०० ला १५ नं गुणून २६ नं भागलं की ११,२५०. गुणिले २४, म्हणजे २ लाख ७० हजार. कायद्यानं मालकानं अर्ज येण्याची वाट न बघता ती द्यायची असते. कारखान्यातून उत्तर आलं, अर्जच आला नव्हता. उशिराचं व्याज मागायचं का असं मी आईंना विचारलं. त्या नको म्हणाल्या. मला ते मान्य नव्हतं, पण निर्णय त्यांचा.

ग्रॅच्युइटी डिसेंबरअखेर आली. आईंनी पहिलं काम केलं ते जामीनदाराचं. त्याच्या पगारातून तोवर सात महिन्यांचे २८ हजार गेले होते. त्यांनी ते स्वतः त्याच्या घरी नेऊन दिले. कर्जदाराचं देणं फेडणारा जामीनदार ते कर्जदाराकडून, म्हणजे आता त्याच्या वारसांकडून, वसूल करू शकतोच. पण आईंना तो कायदा मी सांगितलेला नव्हता. खातेउतारा तपासताना मात्र दिसलं की या सातपैकी तीन महिन्यांची कपात कर्जखात्यात जमाच झालेली नाही. लेखी विचारल्यावर ती जमा झाली.

ईडीएलआयला वेळ लागला. आण्णांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं आणि पीएफ खात्यात वेगळं. दुरुस्ती, कारखान्याची सही, पुन्हा अर्ज. फेब्रुवारी २०२४ च्या मध्यात ७ लाख आईंच्या खात्यात आले. तोवर संस्थेनं दंडव्याज सोडून ६ लाख ३० हजारांवर तडजोड मान्य केली होती. १ लाख आधी गेलेले, ५ लाख ३० हजार त्या आठवड्यात भरले. उरलेल्यातून धाकटीचे दागिने सोडवले.

एक गोष्ट दादानं मला तेव्हा विचारली, आणि ती अनेकांच्या मनात असते. घर सोडून दिलं असतं तर आण्णांचं कर्ज त्याच्या दुकानावर आलं असतं का? नसतं. वारसाकडे मयताची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. मुलाच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही, तो स्वतः जामीनदार नसेल तर. हे त्याला जुलैमध्येच कळलं असतं तर तो दलालाकडे गेला नसता, असं तो म्हणाला. भीतीपोटी गेलो, असंही म्हणाला.

आणि लिलाव होऊन गेलाच असता तर? तेव्हाही एक दार उघडं असतं. लिलावापासून ३० दिवसांत पूर्ण थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली तर नियम १०७ खाली लिलाव रद्द करून घेता येतो. पण त्या ३० दिवसांत ईडीएलआयचे पैसे आले नसते.

कर्ज फिटल्याचा निल दाखला घेतला, गहाणमुक्तीचा दस्त नोंदवला, जप्तीची नोंद कमी करण्याचं वसुली अधिकाऱ्याचं पत्र सिटी सर्व्हेला दिलं. त्याच अर्जासोबत वारस नोंद. मे २०२४ मध्ये मालमत्ता पत्रकावर चार नावं लागली, आईंचं पहिलं. हक्कसोड कोणी केली नाही, कोणी मागितलीही नाही. बाराव्या दिवसाचा तो स्टॅम्पपेपर दादानं माझ्या टेबलावर आणून ठेवला. कवडीमोल असला तरी उद्या कोणी दाखवायला नको, म्हणून अक्कानं त्यावर रद्द असं लिहून सही केली.

जूनमध्ये आई पुन्हा आल्या. महापालिकेचं घरपट्टीचं बिल आलं होतं, अजून आण्णांच्याच नावानं. मालमत्ता पत्रकावर नाव लागलं म्हणून घरपट्टीच्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही, लाईटच्या मीटरलाही वेगळा अर्ज लागतो, असं मी त्यांना सांगितलं. कोणते कागद लागतील ते त्यांनी त्याच पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. पाकीट कात्रीनं एका कडेनं नीट कापलेलं होतं.